लालीचे मोठे डोळे

कुणाच्या घरी बाळ झालं की रुपीमामी पाहायला जायची, आणि घरच्या बायका मनातल्या मनात म्हणायच्या, ही आज नाही आली तर बरं होईल. बाळ पाहायला गेलेल्या माणसाने गोड बोलावं, नाक आजीवर गेलंय की बापावर याचा थोडा वाद घालावा, चहा प्यावा आणि निघावं. मामीला यातलं काही जमायचं नाही. ती आधी बाळाचे डोळे बघायची. तेवढ्यात एखादी शेजारीण लाडात येऊन म्हणाली, "काय मोठे मोठे डोळे हायेत वं पोट्टीचे!" की मामीचा पारा चढलाच म्हणून समजा. "मोठे हायेत तर डाक्तरले दाखवा. कौतुक कायले करून राह्यल्या?" बाळंतीण रडवेली व्हायची, सासू तोंड फिरवायची आणि मामी चहा न पिताच उठायची.

मी तिची भाची. माझी आई तिची नणंद. मामीच्या या वागण्यावर आमच्या घरात पुष्कळ हसं झालेलं आहे आणि हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो. म्हणून हे लिहायला बसले. यातलं काही मामीने स्वतः सांगितलं, काही माझ्या आईने, तेही नानी घरात नाही असं बघून. नानी म्हणजे हंसाबाई, माझ्या आईची आई आणि मामीची सासू.

ढाणकीपासून दोन कोसांवर आमचा तांडा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. ते केव्हाच सुटलं, माणसं शेती करायला लागली, पण वस्तीला अजून तांडा म्हणतात आणि वस्तीच्या प्रमुखाला नाईक. धनसिंगमामाची बायको होऊन रुपीमामी इथे आली तेव्हा तिच्यासोबत भांडीकुंडी फारशी नव्हती, पण तिने स्वतःच्या हाताने भरलेली कांचळी होती. कांचळी म्हणजे आमच्या बायकांची चोळी, पाठ उघडी आणि पुढे सगळी भरतकामाची. प्रत्येकीच्या कांचळीवर आरसे असतात, पण मामीने ते इतके दाट बसवले होते की मध्ये कापड शोधावं लागायचं. ती उन्हातून चालली की भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायचे आणि पोरं ते पकडायला धावायची. केसांत दोन्ही कानांजवळ चांदीची घुगरी लोंबायची. नवरा जिवंत असलेल्या बाईने घुगरी घालायची आणि आरशांची कांचळी घालायची. नवरा गेला की दोन्ही उतरवायची आणि साधं गडद कापड नेसायचं. नानीने ते कधीच उतरवलं होतं.

१९५८च्या दिवाळीच्या सुमारास मामीला मुलगी झाली. लाली. आणि काय डोळे होते म्हणे! आई सांगते, काळीभोर बुबुळं एवढी मोठी की पांढरं नावाला उरलेलं. बाजूच्या तांड्यातल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला यायच्या. नानी तर नुसती फुशारली होती. "असे डोळे साऱ्या तांड्यात कोनाचे हायेत ते दाखवा मले!" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायची. भावसिंग नाईकाच्या बायकोने तर आपल्या नातवासाठी लालीला मागणीही घालून ठेवली. दूधपित्या पोरीला! दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट, पायावर तीट, आणि डोळ्यांत बोटभर काजळ.

महिना-दोन महिन्यांत लालीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. काजळ झोंबत असेल म्हणून नानीने काजळ बदललं. पाणी थांबेना. मग पोरगी डोळेच उघडेना. अंगणात आणलं की डोळे घट्ट मिटून घ्यायची, तोंड कापडात खुपसायची आणि किंचाळायची. घरात, कुडाच्या भिंतीआड, जरा शांत असायची.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली आणि ती मामीचा जीव घेणारी होती. लाली सगळ्यात जास्त रडायची ती आईजवळ. नानीने घेतलं की गप्प. शेजारच्या म्हाताऱ्या विधवेने घेतलं तरी गप्प. मामीने दारात बसून मांडीवर घेतलं की पोरगी अंगाचं धनुष्य करायची, मान उलटी टाकायची, आणि आईकडे तोंड म्हणून करायची नाही. अंधारात तेवढं आईचं दूध मुकाट्याने प्यायची.

आधी यावर चेष्टा झाली. "आजीची पोट्टी हाये ते. मायले वळखतच नाई." मग चेष्टेतली मजा गेली. संक्रांत झाली आणि धनसिंगमामा राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. नवऱ्यासमोर जी तोंडं बंद होती ती उघडली. मायलेकरांची पत्रिका जुळत नाही म्हणणाऱ्या परवडल्या, इतकं वाईट बोलणारे निघाले. खुद्द नानी म्हणाली, "लेकराले मायचा भेव वाटते म्हंजे मायमंदीच काही असन." हे ती सुनेच्या तोंडावर म्हणाली. माझीच नानी, पण सांगते, त्या वाक्यासाठी मी तिला कधी माफ केलं नाही. लाली तिने आपल्याकडे घेतली. पाजायपुरती मामीच्या हातात द्यायची आणि परत काढून घ्यायची.

मामी म्हणायची, "मले वाटे, मी मरून जावं. पोटची पोट्टी माह्याकडे पाह्यना. मी असं काय केलं व्हतं तिचं?"

होळीच्या आसपासची दुपार. नानी बाहेर गेलेली. मामीने संधी साधली आणि पोरीला घेऊन दारात बसली. पोरगी लगेच सुरू झाली. मामी वाकली आणि तिला दिसलं, लालीच्या मिटलेल्या पापणीवर उजेडाचा एक ठिपका आहे. ती जरा हलली, ठिपका कपाळावर गेला. पुन्हा हलली, परत डोळ्यावर आला आणि पोरीने किंकाळी फोडली. मामीने तळहात छातीवर ठेवून आरसे झाकले. रडणं उतरलं. हात काढला, पुन्हा चालू. हात ठेवला, उतरलं. मामी मला हे सांगताना इतक्या वर्षांनीसुद्धा हसायची आणि डोळे पुसायची. "मी नव्हती वं! आरसे व्हते! माह्यी पोट्टी मले भेत नव्हती!"

तिने सुई घेतली आणि तिथेच बसून कांचळीचे आरसे उसवून काढले. एकही ठेवला नाही. घुगरी पोरीच्या डोळ्यांसमोर चमकते म्हणून तीही काढून फडक्यात बांधली. मग लालीला उराशी घेतलं. पोरगी हुंदके देत देत तिच्या गळ्याशी झोपली. कितीतरी दिवसांनी.

नानी परत आली ती या दृश्यावर. सून दारात बसलेली, कांचळीवर एक आरसा नाही, केसांत घुगरी नाही. नानीला काय वाटलं असेल ते मी समजू शकते, तेवढी मी काही दगड नाही. तिने स्वतःचा नवरा गेला त्या दिवशी हेच केलं होतं. तिने छाती बडवून तांडा गोळा केला. "माह्या धनसिंगचं काही झालं का वं? सांग ना! काही खबर आली का तुले?"

"काही नाई झालं, याडी," मामी म्हणाली. याडी म्हणजे आई, सासूलाही ती तेच म्हणायची. "पोट्टीच्या डोळ्याले आरसे टोचतेत. म्हनून काढले. पाहा, कशी झोपली."

झोपलेल्या पोरीकडे कुणी पाहिलं नाही. नवरा परगावी असताना बाईने आपल्या हाताने घुगरी उतरवली, यापुढे कुणाला काही दिसेनाच. नानीच्या लेखी सुनेने तिच्या जित्या मुलाला मारून टाकलं होतं. भावसिंग नाईकाकडे गोष्ट गेली. नाईक वाईट माणूस नव्हता. आरडाओरडा त्याला आवडत नसे आणि आरडाओरडा थांबवायला तो काहीही निवाडा द्यायचा. त्याने निवाडा दिला की उतरवलेली घुगरी बाईला आपण होऊन परत चढवता येत नाही. धनसिंग समोर येऊन आपल्या हाताने बांधेल तेव्हाच. तोपर्यंत रुपीने तांड्याबाहेर जायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाच्या कामाला निघताना समोर यायचं नाही. धावजी नावाचा एक जण मारेगावकडे जाणार होता, त्याच्यासोबत राजूरला निरोप धाडला.

मामीने हेही मान्य केलं. नवरा आठ-पंधरा दिवसांत येईल असंच सगळ्यांना वाटत होतं. आणि मुलगी तिच्याकडे होती. नानीने आता दोघींचाही नाद सोडला होता.

पण आता पोरगी दिवसभर जवळ असल्यामुळे मामीला ते दिसायला लागलं, जे काजळात आणि कौतुकात कुणाला दिसलं नव्हतं. डोळे अजून वाढत होते. पापण्या पुरत नव्हत्या. आणि काळं बुबुळ आता काळं राहिलं नव्हतं. त्यावर निळसर धुकं चढत होतं, पातळ ताकासारखं. मामी घाबरली. तिने बायकांना दाखवलं. त्यांनी दुरूनच पाहिलं आणि सांगितलं की नवऱ्याची घुगरी उतरवली त्याचंच हे.

तेव्हा तिने नाईकाचं ऐकायचं सोडलं. ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी लालीला दुहेरी कापडात गुंडाळून ती पायी निघाली. गाड्या पुढे गेल्या, तिला कुणी घेतलं नाही. बाजारात पंजाबराव नावाचा कंपाउंडर एका खोलीत औषधं द्यायचा. त्याने कापड दूर करून लालीचे डोळे पाहिले आणि हातातली बाटली खाली ठेवली.

"किती दिवसांचं हाये हे?"

"जन्मली तवापासून मोठे हायेत."

"बाई, हे नजर-बिजर काही नाई. अन् माह्याजवळ याचं औषध नाई. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ने. आजच्या आज मोटारीत बस. डोळे जातीन पोट्टीचे."

मामी मोटारीच्या अड्ड्यावर गेली. बसली असती. पण तांड्याचे चार जण तिला शोधतच आले होते. त्यांनी मारलं नाही, ओढलं नाही. नुसते भोवती उभे राहिले आणि सगळ्या बाजारासमोर विचारलं, "नवरा जिता हाये का मेला ते ठाऊक नाई, अन् तू कोनासंगं मोटारीत बसून चालली?" लोक जमले. मामी ओरडून सांगत होती की पोरगी आंधळी होईल. मोटारवाल्याने ही तांड्याची भानगड आपल्या अंगावर नको म्हणून तिला वर घेतलंच नाही. मोटार सुटली. मामी त्यांच्या मागे मागे दोन कोस चालत परत आली आणि वाटभर पोरगी उन्हाने किंचाळत होती.

त्यानंतरचे दिवस मामी कधी नीट सांगायची नाही. ती म्हणायची, "बसली मी." एवढंच. आई सांगते, रुपीभाभी रोज नाईकाच्या दारासमोर जाऊन उभी राहायची. नाईक मागच्या बाजूने निघून जायचा. एकदा तिने घुगरी आणून नानीच्या पायावर ठेवली आणि म्हणाली, "याडी, तूच बांध. तू त्याची माय हायेस. बांध अन् मले जाऊ दे." नानी रडली, पण बांधली नाही. तिचा खरोखर विश्वास होता की तिच्या विधवेच्या हाताने बांधली तर मुलगा मरेल. हे असं असतं. माणूस दुष्ट असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

धनसिंगमामा येत नव्हता, कारण तो राजूरला नव्हताच. खाणीतलं काम सोडून तो मारेगावकडे सरकी काढायच्या कारखान्यात लागला होता. धावजी राजूरला जाऊन, कुणाला तरी निरोप सांगून मोकळा झाला होता. आखाजी झाली. घागरी भरल्या, पूर्वजांना पाणी दिलं. मामा नाही.

शेवटी जेठाच्या उन्हात तो एकदाचा आला. कारखान्याचा हंगाम संपला म्हणून आला, निरोप त्याला मिळालाच नव्हता. तांड्याच्या तोंडाशी त्याला बघून नानी धावत सुटली, त्याचे गाल, हात, छाती चाचपून पाहिली. भावसिंग नाईक हसत पुढे आला. बायकांनी घुगरीचं फडकं आणलं. आता हा बांधेल आणि सगळं मिटेल.

मामीने लालीला आणून त्याच्या हातात ठेवलं. त्याने पाहिलं. गेला तेव्हा मोठे काळे डोळे बघून गेला होता. आता त्या जागी दोन निळसर पांढरे गोळे होते, पाणी गळणारे, आणि ते झाकायला पोरगी आपल्या मुठी डोळ्यांवर घासत होती. मामा नाईकाला म्हणाला, "घुगरी राहू द्या. आधी मोटार कवा हाये ते सांगा." माझ्या या मामाबद्दल बोलायला माझ्याकडे फार चांगलं नाही, पण हे एक वाक्य त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते यवतमाळला पोचले.

डॉक्टरांनी लालीला झोपवून, अंधाऱ्या खोलीत, पापण्या हळूच उघडून बराच वेळ तपासलं. मग दोघांना समोर बसवून सांगितलं. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि ते निघून जायला वाट असते. या मुलीची ती वाट जन्मतःच बंद आहे. पाणी साठतं, डोळा ताणतो. लहान मुलाचा डोळा मऊ, म्हणून तो फुगत जातो. "हे डोळे मोठे नाहीत, ताणलेले आहेत," ते म्हणाले. "त्या ताणाने मागची नस दबत जाते. बुबुळावर धूर आहे, त्यामुळे नस किती उरली ते मला आत्ता दिसत नाही. वाट मोकळी करून देतो. ताण उतरला की धूर निवळेल. मग कळेल."

"दिसन ना पन?" मामीने विचारलं.

"नस जिवंत असेल तर दिसेल."

मामीने त्या 'असेल तर'ला सगळ्या जिवानिशी पकडून ठेवलं.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर पट्ट्या आणि वरून कडक झाकण. त्या वॉर्डात अमिनाबी नावाच्या नर्स होत्या. यवतमाळच्याच, उंच, आवाज जरबेचा. त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या करून लालीच्या दोन्ही हातांत कोपरावरून चढवल्या आणि फडक्याने बांधल्या, म्हणजे हात वाकणार नाही आणि पोरगी डोळे चोळणार नाही. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या. खिडक्यांना हिरवे पडदे. आणि मामीला समोर उभं करून हुकूम सोडला.

"हे पाह्य बेटी. लेकरू रडलं का डोळ्यात जोर येते. जोर आला का जखम उघडते. हिले रडू द्यायचं नाई. बस. तुले एवढंच काम."

रडू द्यायचं नाही! जन्मल्यापासून रडण्यापलीकडे काही न केलेल्या पोरीला! मामीने ते केलं. ती पलंगाला चिकटून बसायची, हात पोरीच्या पोटावर, तोंड तिच्या कानाशी. आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, जेवढी गाणी येत होती ती सगळी संपली तेव्हा तिने बैलांची नावं म्हटली, शेतांची नावं म्हटली, शेजारणींच्या भांडणांच्या हकिकती सांगितल्या. दूध चमच्याने, थेंबथेंब, म्हणजे जबड्याला ताण नको. स्वतः कधी जेवली, कधी झोपली कोण जाणे. अमिनाबी रोज सकाळी पट्टी बदलायच्या आणि मामीला शिकवायच्या. हात साबणाने घासून धुवायचे. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवायचा, पिळायचा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि बोळा फेकायचा. "या डोळ्याचा बोळा त्या डोळ्याले लावशीन तर याद राख." औषध बुबुळावर नाही टाकायचं, खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत एक थेंब. मामीचा पहिला थेंब गालावर पडला. पुढे अमिनाबी दुसऱ्या आयांना सांगायच्या, जा, त्या बंजारनचं पाहून या.

अमिनाबींनी तिला एकदा विचारलं होतं, विधवा आहेस का म्हणून. अंगावर साधी कांचळी, केसांत काही नाही. मामीने सगळी हकिकत सांगितली. अमिनाबींनी ऐकून घेतली आणि त्या दिवसापासून घरून येताना तिच्यासाठी भाकरी आणायला लागल्या.

पट्ट्या निघाल्या तेव्हा धूर विरळ झालेला होता. पुढच्या काही दिवसांत तो पार निवळला. डोळे पुन्हा काळेभोर झाले, मोठे, स्वच्छ. पाणी थांबलं. पापण्या मिटून घेणं थांबलं. मामा त्या वेळी भाड्याची सोय करायला गावी गेला होता. मामी एकटीच होती आणि एकटीलाच हा आनंद आवरत नव्हता. हातांच्या नळ्या काढलेल्या, पोरगी हसायची, आईचं नाक ओढायची.

एका सकाळी मामी तिला पडद्यांच्या बाहेर, वऱ्हांड्यात घेऊन गेली. ऊन थेट पायरीवर आलं होतं. मामी थोडी मागेच थांबली, सवयीने तिच्या तोंडावर हात धरला. मग हळूच काढला. लाली रडली नाही. मामी एक पाऊल पुढे गेली, पोरीच्या चेहऱ्यावर सगळं ऊन पडलं. लालीने डोळे उघडे ठेवून सरळ सूर्याकडे तोंड केलं आणि हसली. जन्मल्यापासून पहिल्यांदा उन्हात हसली.

मामी ओरडतच वॉर्डात धावली. "बाई! ओ बाई! पाहा ना! उजेडाले भेत नाई आता! डोळे उघडे ठेवून पाह्यते उन्हाकडे!"

अमिनाबी हातातलं काम टाकून आल्या. हसत आल्या होत्या. त्यांनी लालीकडे पाहिलं, आणि मामी सांगायची, त्यांचं हसू तोंडावरच राहिलं पण डोळ्यांतून गेलं. त्या आत जाऊन टॉर्च घेऊन आल्या. लालीला सावलीत घेतलं, टॉर्च एका डोळ्यावर धरला, बाजूला केला, पुन्हा धरला. मग दुसऱ्या. लाली हसतच होती. काळ्या बुबुळातला काळा ठिपका मोठाच्या मोठा राहिला, उजेड पडला तरी आक्रसला नाही, हलला नाही.

"काय झालं?" मामी म्हणाली. "बोला ना बाई. चांगलंच झालं ना? रडत नाई ते."

अमिनाबींनी टॉर्च खिशात ठेवला. तिचा हात धरून बाकावर बसवलं. "बेटी, रडत होती तवा उजेड जात होता आत. म्हनून टोचे. आता जातच नाई." त्यांचा जरबेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "नस सुकली. डाक्तर पाह्यतीन, पन मले दिसून राह्यलं."

डॉक्टरांनी पाहिलं. तेच सांगितलं. धूर निवळल्यामुळे आता आतलं स्पष्ट दिसत होतं, आणि आत काही उरलं नव्हतं. शस्त्रक्रियेने एक झालं होतं की आता दुखणार नाही. मामीने विचारलं, "कवा गेली नजर?" ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येणार नाही, हळूहळू जाते. मामीने पुढे विचारलं नाही. तिला हिशेब करायचा नव्हता, पण तो होतच राहिला. होळी, ढाणकीचा अड्डा, आखाजी, नाईकाचं दार.

"पाहू शकत व्हती तवा माह्याकडं पाहून रडली," ती मला एकदा म्हणाली. "माह्यं तोंड तिनं रडतानाच पाह्यलं असन. पाह्यलं असन तर."

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मामा घ्यायला आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मामी लालीला घेऊन पायरीवर बसली होती, गाठोडं बाजूला. त्याने लांबूनच पाहिलं आणि त्याची पावलं थांबली. धूर नाही, पाणी नाही, खाणीत गेला होता तेव्हा सोडलेले तेच काळेभोर डोळे, आणि पोरगी भर उन्हात तोंड उघडं करून बसलेली. तो जवळजवळ पळतच आला. पोरीला उचलून डोक्यावर धरलं, उन्हाकडे केलं. "रुपी! भेत नाई वं! पाह्य, भेत नाई माह्यी वाघीन!" लाली खदाखदा हसली. येणारे-जाणारे लोक थांबून बघायला लागले, एक म्हातारी म्हणाली, काय सुंदर डोळे आहेत हो.

मामीने तोंड उघडलं होतं. पण तिने ते मिटून घेतलं आणि गाठोडं उचललं.

मोटारीत मामाने लालीला खिडकीशी धरलं. झाडं दाखवली, बैल दाखवले, डोंगर दाखवले. प्रत्येकाचं नाव घेऊन सांगत होता आणि ती त्याच्या आवाजाकडे तोंड करून हसत होती. तो मामीला म्हणाला, आता घरी गेल्यावर तुझी घुगरी बांधतो, आणि तू कांचळी पुन्हा भर, पाहिजे तेवढे आरसे लाव. मामी हो म्हणाली. शेजारच्या प्रवाशांना तो सांगत होता की माझी पोरगी आंधळी होणार होती, वेळेवर आणली म्हणून वाचली. प्रवासी म्हणत होते, नशीबवान आहे तुमची मुलगी.

"सांगितलं असतं मी लगेच," मामी मला म्हणाली. "पन इतका खुश माणूस मी कधी पाह्यला नव्हता. म्या म्हटलं, पुसद येऊ दे. मंग सांगू."

पुसद आलं. तिने म्हटलं, जरा पुढे जाऊ दे. उमरखेड जवळ आलं तेव्हा मामा लालीला विचारत होता, सांग, ते समोर काय दिसतं, आणि मामीने त्याच्या हातावर हात ठेवला.